मृत्तिकास्तूपांचे कर्ते कोण? : एका जुन्या वादाचें परीक्षण

उत्तर अमेरिकेंत ओहायो व मिसिसिपी या नद्यांच्या खोऱ्यांत मातीचीं प्रचंड प्राचीन कामें आहेत. कोठें गोल टेंकाडें, कोठें माथा सपाट केलेले उंच चौथरे, तर कोठें वर्तुळ, चौकोन व अष्टकोन यांच्या आकारांचे शेंकडों यार्ड लांबीचे बांध. या सर्वांस आम्ही प्रस्तुत लेखांत मृत्तिकास्तूप असें एकच नांव देतों. त्यांत बौद्ध स्तूपांचा कांहींहि संबंध अभिप्रेत नाहीं, हें आरंभींच सांगणें बरें. कारण ज्या खोडीचें आम्हांस येथें परीक्षण करावयाचें आहे ती पुष्कळदा नामसादृश्यावरूनच जडते.

या स्तूपांचे कर्ते कोण, हा प्रश्न अमेरिकेंतील गोऱ्या विद्वानांनीं जवळजवळ शंभर वर्षें चघळला. त्याचें सरळ उत्तर डोळ्यांसमोर होतें. ज्या लोकांस कोलंबसाच्या दिशाभुलीमुळें आपल्याच देशाचें नांव चिकटलें, त्या तेथील मूळ रहिवाशांच्या पूर्वजांनींच तीं कामें केलीं. हें एक उत्तर सोडून बाकीचीं सर्व देऊन झालीं: इस्रायलचीं हरवलेलीं दहा कुळें, फिनिशियन व्यापारी, वेल्श राजपुत्राचे सोबती, नॉर्वेकडील खलाशी, बुडालेल्या अटलांटिसचे रहिवासी; आणि वाचकांस नवल वाटेल, पण हिंदु देखील. या वादांतील तीन ग्रंथ आम्ही येथें तपासणार आहों: कॅलेब ॲटवॉटर याचें १८२० चें वर्णन, स्क्वायर व डेव्हिस यांचा १८४८ चा ग्रंथ, आणि सायरस थॉमस याचा १८९४ चा अहवाल. त्यांतील मापांपेक्षां व नकाशांपेक्षां अनुमानाची रीत आम्हांस अधिक पाहावयाची आहे. कारण त्या रीतीचा परिणाम पुस्तकांत न राहतां माणसांच्या घरादारांवर झाला.

ॲटवॉटर हा ओहायो संस्थानांतील सर्कलव्हिल गांवचा पोस्टमास्तर. हें गांवच मुळीं १८१० मध्यें एका प्राचीन वर्तुळाकार बांधाच्या आंत वसविलेलें. नांवहि त्यावरूनच पडलें. पुढें रहिवाशांस वाटोळे रस्ते गैरसोयीचे वाटूं लागले व त्यांनीं गांव चौकोनी करून घेतलें. तें वर्तुळ आतां नाहींसें झालें आहे. ॲटवॉटरनें निदान तें पाहून लिहून ठेविलें, याबद्दल त्याचें ऋण मानलेंच पाहिजे. त्याचा निबंध अमेरिकन ॲंटिक्वेरियन सोसायटीच्या पहिल्या खंडांत छापलेला आहे. मापें देतो तोंवर हा गृहस्थ विश्वसनीय. कर्त्यांकडे वळला कीं त्याचा तोल जातो. टेनेसींतील केनी फोर्क नदीकांठीं एका जुन्या कामांत तीन मानवी मस्तकें एकत्र जोडलेलें मातीचें पात्र मिळालें होतें. तीन तोंडें पाहतांच त्यास ब्रह्मा, विष्णु व शिव आठवले. केंटकींत मिळालेल्या शंखांचाहि त्यानें हिंदु पूजेशीं संबंध लावला. सर विल्यम जोन्स यांनीं १७८४ मध्यें स्थापिलेल्या कलकत्त्याच्या सोसायटीचे 'एशियाटिक रिसर्चेस'चे खंड तोंवर अमेरिकेंत पोंचले होते, त्यांचा हा प्रसाद! ॲटवॉटरचा सिद्धांत असा कीं, स्तूपांचे कर्ते हिंदुस्थानाकडून आले, कांहीं काळ ओहायोंत राहिले व पुढें मेक्सिकोकडे निघून गेले. हल्लींचे 'इंडियन' हे निराळेच लोक.

तीन मुखांवरून त्रिमूर्ति सिद्ध होत असेल तर दत्तजयंतीचा उत्सवहि ओहायोंत शोधावा लागेल. जेथें व्याप्तीच नाहीं तेथें अनुमान कसलें? केनी फोर्क ही कंबरलंड नदीची उपनदी, आणि त्या कंबरलंडच्या खोऱ्यांत मनुष्यमुखाच्या आकाराचीं मातीचीं पात्रें पुढें पुष्कळ निघालीं. ती तेथील घरचीच पद्धत होती. परंतु हा प्रकार नुसता हंसून सोडून देतां येत नाहीं. याच ॲटवॉटरास १८२९ मध्यें अध्यक्ष जॅक्सन यानें कमिशनर नेमून प्रेअरी दु शीं येथें पाठविलें. काम हें कीं, विनेबागो लोकांकडून (ते स्वतःस हो-चंक म्हणवितात) शिशाच्या खाणींचा मुलूख तहानें मिळवावयाचा. या भूमीच्या प्राचीनत्वाशीं मूळ रहिवाशांचा संबंध नाहीं असें लिहिणारा तोच, आणि त्यांच्याकडून भूमि लिहून घेणाराहि तोच.

ॲटवॉटरच्या पूर्वीं पस्तीस वर्षें याहून कितीतरी चांगला पुरावा छापून झाला होता. टॉमस जेफर्सन यानें व्हर्जिनियावरील आपल्या टिपणांत (हीं १७८५ मध्यें प्रथम छापलीं) रिव्हाना नदीकांठचा एक स्तूप स्वतः खणून पाहिल्याची हकीकत दिली आहे. थरांवर थर हाडें निघालीं. सुमारें हजार मनुष्यें पुरलीं असावींत असा त्याचा अंदाज. एवढ्या जुन्या काळीं थर पाहून खणणारा मनुष्य विरळा, व त्याची स्तुतिहि पुष्कळांनीं केली आहे. आम्हांस मात्र त्याच टिपणांतील दुसरी एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. सुमारें तीस वर्षांपूर्वीं मूळ रहिवाशांची एक टोळी त्या भागांतून चालली होती. हमरस्त्यापासून पांच-सहा मैल आडबाजूला तो स्तूप. त्या लोकांनीं कोणास वाट विचारली नाहीं. रानांतून थेट तेथें गेले, कांहीं वेळ थांबले, शोक केला आणि पुनः रस्त्याला लागले. रानांत न विचारतां ज्यांस ती जागा सांपडते, व सांपडल्यावर ज्यांस रडूं येतें, त्यांचा त्या जागेशीं संबंध काय, हें आपल्याकडे पितृपक्ष करणाऱ्या कोणासहि विचारावें. पण जेफर्सनची हाडांची संख्या सर्वांनीं उतरून घेतली, आणि ही टोळी कोणाच्या प्रमाणांत आली नाहीं.

उलट पूर्वपक्षाचें आवडतें प्रमाण दुसरेंच. विल्यम बार्ट्रम या वनस्पतिशास्त्रज्ञाचें प्रवासवर्णन १७९१ मध्यें प्रसिद्ध झालें. चेरोकी लोकांनीं त्यास सांगितलें कीं, आम्ही या प्रांतांत आलों तेव्हां हे स्तूप येथें होतेच. कोणीं केले तें आम्हांस ठाऊक नाहीं. हें शब्दप्रमाण म्हणून वारंवार पुढें आणण्यांत आलें. परंतु एका जमातीचें अज्ञान हें त्या खंडांतील यच्चयावत् जमातींचें अज्ञान कसें होतें? आपल्या खेड्यांत लेणीं कोणीं कोरलीं असें विचारलें तर 'पांडवांनीं, एका रात्रींत' असें उत्तर येतें. तेवढ्यावरून नाशिकचीं लेणीं कोरणारे कोणी परके लोक होते व हल्लींच्या नाशिककरांच्या पूर्वजांनीं त्यांचा संहार केला, असें कोणी ठरविलें तर आपण काय म्हणूं? घारापुरीच्या बाबतींत असे तर्क झालेहि. जुन्या युरोपीय लेखकांपैकीं कोणीं तीं लेणीं अलेक्झांडरास, तर कोणीं मिसरी लोकांस बहाल केलीं. मात्र त्या तर्कावरून घारापुरीच्या कोणा कोळ्यास बेटावरून हांकून लाविलें नाहीं. अमेरिकेंत हांकून लाविलें.

मूळ रहिवाशांस मिसिसिपीच्या पश्चिमेस हलविण्याचा कायदा २८ मे १८३० रोजीं झाला. त्याच वर्षीं ६ डिसेंबर रोजीं जॅक्सननें काँग्रेसपुढें जो वार्षिक संदेश ठेविला त्यांत या स्तूपांचा उल्लेख आहे. त्याचा भावार्थ असा: पश्चिमेकडे एका अज्ञात व एके काळीं प्रबळ असलेल्या लोकांचीं स्मारकें दिसतात, ते लोक नाहींसे झाले व त्यांच्या जागीं आतांच्या रानटी जमाती आल्या, तेव्हां एका पिढीनें जाऊन दुसरीला जागा करून देणें हें सृष्टिक्रमास धरूनच आहे. म्हणजे ज्यांस घालवावयाचें त्यांनींच पूर्वीं दुसऱ्यांस घालविलें होतें असा आरोप प्रथम करावयाचा, व मग त्यांस घालविणें हा केवळ क्रम ठरवावयाचा! ज्या लोकांचें नांव, भाषा, एकहि वंशज कोणास दाखवितां आला नाहीं, ते या संदेशांत फिर्यादी झाले. आणि जे समोर उभे होते ते आरोपी.

या युक्तिवादाचा दोष तर्कशास्त्राच्या आरंभींच्या विद्यार्थ्यासहि सांगतां येईल. हे रानटी कशावरून? तर असलीं कामें यांच्या हातून होत नाहींत. हीं कामें यांचीं नव्हेत कशावरून? तर हे रानटी आहेत. दोन्ही साध्यें एकमेकांच्या खांद्यावर उभीं. खालीं जमीन नाहीं. यासच अन्योन्याश्रय म्हणतात. आणि त्याच वेळीं प्रत्यक्ष काय होतें? ज्या चेरोकी लोकांवर या कायद्याचा घाला आला, त्यांच्यापैकीं सीक्वोया नामक मनुष्यानें १८२१ च्या सुमारास आपल्या भाषेसाठीं स्वतंत्र अक्षरमाला सिद्ध केली होती. १८२७ मध्यें त्यांनीं लेखी राज्यघटना केली. १८२८ पासून त्यांचें वर्तमानपत्र निघत होतें. वर्तमानपत्र छापणाऱ्या लोकांस मातीचा ढीग रचतां येणार नाहीं, असें ठरविण्यास विद्वत्ताच लागते. १८३८-३९ मध्यें सुमारें सोळा हजार चेरोकींस पश्चिमेस चालविलें, व त्यांतले सुमारें चार हजार मेले असा सर्वसाधारण अंदाज आहे.

स्क्वायर व डेव्हिस यांच्या ग्रंथाकडे आतां वळूं. स्क्वायर हा वर्तमानपत्राचा संपादक व डेव्हिस वैद्य. दोघेहि ओहायोंतील चिलिकॉथी गांवचे. स्मिथसोनियन संस्थेनें आपल्या ग्रंथमालेचें पहिलें पुष्प म्हणून त्यांचा ग्रंथ १८४८ मध्यें काढला. त्यांनीं सुमारें दोनशें स्तूप उकरले व अनेक बांधांचे नकाशे काढले. यांपैकीं पुष्कळ कामें पुढें नांगराखालीं गेल्यामुळें त्या नकाशांचें महत्त्व आजहि कमी झालेलें नाहीं. त्यांची भाषाहि ॲटवॉटरपेक्षां पुष्कळ संयमाची. तरीहि कर्त्यांचें नातें त्यांनीं जोडलें तें मेक्सिको व मध्य अमेरिकेकडे. शेजारच्या जमातींकडे नाहीं. शेजारी म्हणावें तर ते होते कोठें? ओहायोंतील शॉनी लोकांस १८३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत हलविलें होतें, व शेवटची वायंडॉट जमात १८४३ च्या जुलईंत गेली. या जोडीचें मोजमापाचें काम त्यानंतर दोन वर्षांनीं सुरू झालें. साक्षीदार गांवांतून काढून दिल्यावर चौकशी भरवावी, तसा हा प्रकार. त्यांनीं उकरून काढलेल्या वस्तूंची पुढची कथाहि ऐकण्यासारखी आहे. डेव्हिसनें तो संग्रह १८६४ मध्यें ब्लॅकमोर नांवाच्या इंग्रजास विकला. तो इंग्लंडांत सॅलिसबरीस गेला व १९३१ मध्यें ब्रिटिश म्यूझियममध्यें दाखल झाला. आपल्याकडील वाचकांस या वाटेची ओळख करून देण्याची जरुरी नाहीं.

परक्या कर्त्यांस पुरावा अपुरा पडूं लागला तेव्हां तो पुरविण्यांत आला. १८३८ मध्यें ग्रेव्ह क्रीक येथील मोठ्या स्तूपांत एक अक्षरें कोरलेली चिमुकली शिळा निघाली. एकाच शिळेंत विद्वानांस अनेक प्राचीन लिपी दिसल्या. १८६० मध्यें न्यूअर्क येथें हिब्रू अक्षरांच्या शिळा निघाल्या, त्यांपैकीं एकीवर तर मोझेसच्या दहा आज्ञा. या शिळा बनावट होत, याविषयीं जाणत्यांत आतां शंका उरलेली नाहीं. आपल्या मंडळींस बनावट सनदा व जुन्या मितीचे नवे कागद पाहण्याची संवय आहे. तेथें आपण पहिला प्रश्न विचारतों, हा कागद कोणाच्या सोयीचा? न्यूअर्कच्या शिळा हातीं घेणाऱ्यांपैकीं अनेकांनीं हा प्रश्न फार उशिरां विचारला.

न्यायाच्या दृष्टीनें सांगितलें पाहिजे कीं, सर्वच तसे नव्हते. सॅम्युएल हेव्हन हा ॲटवॉटरचा निबंध छापणाऱ्या त्याच सोसायटीचा ग्रंथपाल. त्यानें १८५६ मध्यें सर्व मतें क्रमानें मांडून स्तूप हे मूळ रहिवाशांच्या पूर्वजांचेच असा निर्णय दिला. निर्णय बरोबर होता, भाषा शांत होती. पण लोकांस नाहींशा झालेल्या जातीची कथा हवी होती.

ती कथा सरकारी रीतीनें मोडली ती थॉमसनें. काँग्रेसनें १८८१ मध्यें स्तूपांच्या शोधासाठीं पांच हजार डॉलर मंजूर केले व ब्यूरो ऑफ एथ्नॉलॉजीनें तें काम त्याच्याकडे दिलें. थॉमस स्वतः प्रथम परक्या कर्त्यांच्या पक्षाचा होता. त्याच्या हाताखालच्या मंडळींनीं दोन हजारांहून अधिक स्तूप तपासले. त्याचा अहवाल सातशें पानांहून मोठा असून वाचावयास रुक्ष आहे. ही त्याची निंदा नव्हे. कांहीं स्तूपांत युरोपीय बनावटीच्या वस्तू निघाल्या. म्हणजे ते गोरे लोक आल्यावर रचलेले. डी सोटो याच्या १५३९ ते १५४३ च्या स्वारीच्या बखरकारांनीं स्तूपांवर सरदारांचीं घरें पाहिलीं होतीं. नॅचेझ लोकांचा राजा स्तूपावर राहतो, असें अठराव्या शतकाच्या आरंभीं फ्रेंचांनीं लिहून ठेविलें होतें. हे कागद दीडशें ते साडेतीनशें वर्षांचे जुने, सर्वांस उपलब्ध. थॉमसची थोरवी ही कीं, त्यानें कुदळ व कागद एकत्र आणले, आणि पुरावा विरुद्ध गेल्यावर आपला पक्ष सोडला.

तरी त्याच्या निकालास आम्ही अर्धाच न्याय म्हणतों. कर्तृत्व मूळ रहिवाशांस परत मिळालें खरें, पण कोणत्या अटीवर? ब्यूरोचा प्रमुख पॉवेल हा लुईस मॉर्गनच्या १८७७ च्या ग्रंथाचा भक्त. त्या ग्रंथांत सर्व मनुष्यजात जंगली, रानटी व सुधारलेली अशा पायऱ्यांवर बसविलेली. थॉमसनें सिद्ध केलें तें असें कीं, स्तूपांचे कर्ते ज्ञात जमातींहून वरच्या पायरीचे नव्हते. ज्ञात जमाती समजल्या जात त्याहून वरच्या पायरीच्या होत्या, असाहि अर्थ त्याच पुराव्यांतून निघत होता. तो त्यानें काढला नाहीं. लोकांस त्यांचें काम परत दिलें आणि कामाची किंमत मात्र उतरविली. काळाविषयींहि तेंच. त्यास हे स्तूप फार जुने वाटले नाहींत. लुइझियानांतील वॉटसन ब्रेक येथील स्तूप सुमारें ५,४०० वर्षांचे आहेत असें १९९७ मध्यें प्रसिद्ध झालें. म्हणजे ते मिसर देशांतील मोठ्या पिरॅमिडांच्याहि आधींचे. न्यूअर्कचा अष्टकोन चंद्राच्या सुमारें १८.६ वर्षांच्या उदयास्तचक्राशीं जुळतो असें हाइव्हली व हॉर्न या दोघां अध्यापकांनीं १९८२ मध्यें दाखविलें. ज्या लोकांनीं लेखणीवांचून असें चक्र पिढ्यान्‌पिढ्या ध्यानांत ठेविलें त्यांस कोणत्या पायरीवर बसवावें, हें मॉर्गनच्या कोष्टकांत सांपडत नाहीं.

आतां आपल्या घराकडे. ॲटवॉटरचे हिंदु ओहायोंत टिकले नाहींत, पण हिंदुस्थानांत त्यांची बडदास्त चालूच आहे. भिक्षु चमनलाल यांचें 'हिंदु अमेरिका' १९४० मध्यें निघालें. त्याचा रोंख मुख्यतः मेक्सिको व पेरू यांकडे असला तरी रीत तीच: येथें हत्तीसारखें कांहीं दिसलें, तेथें चार युगांची कथा मिळाली, म्हणून कर्ते आपले. 'पाताळ म्हणजे अमेरिका' व 'मय दानवाचे वंशज ते माया' हीं वाक्यें मराठी व्याख्यानांतूनहि आम्हीं पुष्कळदा ऐकिलीं आहेत, व त्यांस टाळ्याहि पडतात. संस्कृत 'मय' व युकातानांतील 'माया' यांत दोन व्यंजनांच्या साम्याखेरीज कांहीं नाहीं. ध्वनिनियम नाहीं, मधल्या भाषा नाहींत, शब्दांचे गट नाहींत. माया लोकांची गणना विसांच्या पटीनें चालते, आपली दहांच्या. त्यांच्या लिपीचा ब्राह्मीशीं मेळ नाहीं. यास्काच्या निरुक्तांत स्वैर व्युत्पत्ति आहेत म्हणून कोणी नाक मुरडतात. पण निरुक्तकार निदान शब्दाच्या अर्थास धरून चालतो, हे लेखक केवळ कानास धरून चालतात.

कोणी म्हणेल, यांत स्वदेशाभिमान आहे, त्यास दुखवूं नये. आमचा आक्षेप नेमका तेथेंच आहे. घारापुरी मिसरी लोकांस दिली तेव्हां आपणांस जो अपमान वाटतो, तोच आपण ग्वातेमालांतील शेतकऱ्याचा करतों. तो शेतकरी आजहि मायाकुळांतील भाषा बोलतो. त्याच्या पूर्वजांनीं रचलेलें देऊळ हिंदूंचें ठरविणें म्हणजे त्यास ॲटवॉटरच्या न्यायासनापुढें पुनः उभें करणें. फरक इतकाच कीं, या खेपेस आसनावर आपण. आफ्रिकेंतील झिंबाब्वेच्या दगडी कोटाचीहि हीच गत झाली होती. तो शेबाच्या राणीचा किंवा फिनिशियनांचा असें वसाहतवाले सांगत. रँडल-मॅकआयव्हर यानें १९०५ मध्यें व केटन-टॉम्सन बाईंनीं १९२९ मध्यें तो आफ्रिकी लोकांचाच असें उत्खननानें दाखविलें.

ग्रंथांचें परीक्षण येथें संपलें. स्थळांची स्थिति थोडक्यांत सांगतों. ओहायोंतील ज्या प्राचीन संस्कृतीस अभ्यासक 'होपवेल' म्हणतात, तें नांव १८९१ मध्यें जें शेत खणलें त्याच्या मालकाचें आडनांव होय. मिसिसिपीकांठच्या काहोकिया नगरांतील सर्वांत मोठ्या स्तूपाची उंची सुमारें शंभर फूट व तळ सुमारें चौदा एकर. त्यास 'साधूंचा स्तूप' म्हणतात, कारण एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं कांहीं ख्रिस्ती साधु चार वर्षें जवळ राहिले होते. काहोकिया हें नांवहि तेथें फार मागून राहिलेल्या जमातीचें. कर्त्यांनीं आपल्या नगरास काय म्हटलें तें कोणत्याहि फलकावर नाहीं. १९९० मध्यें मूळ रहिवाशांचीं हाडें व पवित्र वस्तू संग्रहालयांनीं त्यांच्या वंशजांस परत द्याव्यात असा कायदा झाला. परंतु 'वंशज कोण' हें ठरवितांना संग्रहालयें कित्येक वर्षें जुनाच मुद्दा पुढें करीत राहिलीं, कीं हीं हाडें कोणत्या हल्लींच्या जमातीचीं हें सिद्ध होत नाहीं.

न्यूअर्कचा अष्टकोन १९१० पासून एका गोल्फ-क्लबाकडे भाड्यानें होता. क्लबाचें नांव 'स्तूपकर्त्यांचा क्लब'. स्तूपकर्त्यांच्या वंशजांस मात्र वर्षांतील थोडेच दिवस आंत मोकळेपणीं फिरतां येई. मालकी ज्या ऐतिहासिक संस्थेची तिनें भाडेपट्टा संपविण्यासाठीं दावा केला. ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर १९२२ नव्हे, २०२२ मध्यें तो मान्य केला. शतकाचा फरक पडला तरी वाचकास चटकन खरें वाटावें, इतका हा प्रश्न जुना. २०२३ मध्यें अष्टकोनासह ओहायोंतील आठ स्थळें जागतिक वारशाच्या यादींत आलीं. २०२४ च्या अखेरीस क्लब निघाला व १ जानेवारी २०२५ पासून ती जागा सर्वांस खुली झाली. या कामीं ईस्टर्न शॉनी जमातीच्या प्रमुख ग्लेना वॉलेस यांनीं पुष्कळ खटपट केली. त्यांच्या लोकांचीं घरें आतां ओक्लाहोमांत आहेत. न्यूअर्कला यावयाचें तर त्यांस शेंकडों मैलांचा प्रवास करावा लागतो.